उभी फ्रेम

कढी ढवळता ढवळता मोहिनीनं फोडणीच्या पळीत तेल घातलं आणि मगच तिच्या लक्षात आलं की कढीपत्ता काढलेला नाही. झाड मागच्या दारीच होतं, त्यामुळे तो आधी आणून ठेवायची सवय तिला कधी लागलीच नव्हती. गॅस बारीक करून ती मागच्या अंगणात गेली.

अंगात निळी नऊवारी होती. हौशी नाट्य स्पर्धेत त्यांच्या गटाचं नाटक होतं आणि त्यात तिची मुख्य भूमिका होती, मुलाची वाट बघणाऱ्या म्हातारीची. एकावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच मुख्य भूमिका मिळाली होती. नऊवारीत चालायची-वाकायची सवय व्हावी म्हणून ती सुट्टीच्या दिवशी घरातही तीच नेसायची आणि कामं करता करता संवाद पुटपुटायची.

वरच्या गॅलरीत तिचा नवरा वाल्मीक कॅमेरा घेऊन बसला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला पक्ष्यांच्या फोटोंचा नाद लागला होता. रोज सकाळी मागच्या जास्वंदीवर शिंजीर यायचा, इवलासा, जांभळा, एका जागी न थांबणारा. त्या वेळात अंगणात गडबड नको म्हणून बुंदीला पुढच्या पोर्चमध्ये बांधून ठेवायचं, असा नियमच होता. बुंदी म्हणजे त्यांची गावठी कुत्री. पिल्लू असताना पावसात गेटपाशी सापडली होती, ती मग घरचीच झाली.

मोहिनीनं फांदी ओढली, डहाळी तोडली आणि तिथंच उभी राहून दुसऱ्या अंकातलं लांबलचक स्वगत म्हणायला लागली. त्यात ती नेहमी एका जागी अडकायची. आज अडकली नाही. सगळं म्हणून झालं, ती स्वतःशीच हसली आणि तेवढ्यात पुढच्या दारी बुंदी भुंकायला लागली. हे भुंकणं दूधवाल्यावरचं नव्हतं. घसा फाटल्यासारखं होतं.

आणि वरून वाल्मीकचा आवाज आला, "मोहिनी! हलू नकोस! पळू नकोस!"

ती वळली.

कंपाउंडच्या भिंतीवर बिबट्या बसला होता. पलीकडची द्राक्षबाग तोडून प्लॉट पाडले होते, तिथं माणसाच्या कमरेइतकं गवत माजलं होतं, तिकडूनच तो आला असणार. एक कान फाटलेला, बरगड्या दिसत होत्या. तो आधी वर गॅलरीकडे बघत होता, मग त्यानं तिच्याकडे बघितलं. तिला त्याच्या मिशांचे केस दिसले. ओरडावं असंही तिला वाटलं नाही.

मग तो सावकाश वळला आणि भिंतीपलीकडे उतरला. गवत हललं, तेवढंच.

ती घरात कशी आली ते तिला आठवत नाही. स्वयंपाकघरात धूर भरला होता. पळीतलं तेल जळून काळं झालं होतं. तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून खाली बसली. मुठीत कढीपत्ता तसाच होता. वाल्मीक धडधड जिना उतरून आला, गळ्यात कॅमेरा लोंबत होता. त्यानं तिला धरलं.

"काही झालं नाही ना तुला? मोहिनी, बोल ना. काही झालं नाही ना?"

दुपारपर्यंत वनखात्याच्या लोकांनी शेजारच्या अर्धवट बांधकामात बिबट्याला बेशुद्ध करून पकडलं. सगळी कॉलनी गच्च्यांवर जमली होती. जाता जाता त्यांचे साहेब घरी आले. "ताई, तुम्ही पळाला नाहीत म्हणून बरं झालं," ते म्हणाले. "आणि साहेब, तुम्हीही घाबरून आरडाओरडा केला नाहीत."

वाल्मीकनं मान हलवली.

संध्याकाळपर्यंत वाल्मीकनं गॅलरीतून काढलेला फोटो नाशिकभर फिरला होता. फोटो होताच तसा. खाली उजवीकडे भिंतीकडे पाठ केलेली निळी नऊवारी, कढीपत्त्याच्या फांदीकडे उंचावलेला हात, वर भिंतीवर सकाळच्या उन्हात दबून बसलेला बिबट्या, आणि दोघांच्या मधली मोकळी भिंत. मोहिनीलाही तो पहिल्यांदा बघताना सुंदरच वाटला. सायलीचा, त्यांच्या मुलीचा, पुण्याहून फोन आला. आधी रडली, मग हसली. "बाबा, कसं सुचलं हो तुम्हाला त्या वेळी?"

"सुचायचं काय त्यात? कॅमेरा डोळ्यालाच होता. बोट आपोआप दाबलं गेलं आणि लगेच हाक मारली तुझ्या आईला."

मोहिनीला ते पटलं. न पटायला काही कारणच नव्हतं.

घोळ शाळेच्या हॉलमधल्या तालमीत सुरू झाला. नाटकात एक जागा होती. म्हातारी दाराकडे पाठ करून जात्यावर दळत बसते आणि मुलगा मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवतो. मोहिनीला पाठ करून बसवेना. पाठीची कातडी आपोआप आवळायची, मान वळायची.

"ताई, पाठ द्या ना दाराला," दिग्दर्शिका तृप्ती समजुतीनं म्हणाली. "तो आलाय हे तुम्हाला माहीतच नाही."

"हो गं. कळतंय मला."

पुन्हा सुरू केलं. मुलाचं काम करणाऱ्या योगेशनं खांद्यावर हात ठेवला आणि मोहिनी अशी किंचाळली की शाळेचा शिपाई धावत आला. योगेश बिचारा पांढराफटक पडला. तृप्तीनं तिला पाणी दिलं, शेजारी बसली.

"दुसऱ्या कुणाला तरी घे गं माझ्या जागी."

"नाही घेत. जाईल ती भीती. आपण तोवर स्वगत पक्कं करू. म्हणा."

मोहिनी स्वगत म्हणायला लागली. आणि म्हणता म्हणता तिचा आवाज हळूहळू बसत गेला. फोटोत तिचा हात फांदीकडे गेलेला होता. रिकामा. डहाळी तोडायची होती अजून. आणि वाल्मीकनं हाक मारली तेव्हा डहाळी तिच्या हातात होती आणि हे सगळं स्वगत म्हणून संपलं होतं. शेवटपर्यंत. न अडकता.

"ताई? काय झालं?"

"काही नाही. विसरले."

घरी आली तेव्हा वाल्मीक बुंदीला फिरवायला गेला होता. कॅमेरा वरच्या टेबलावर होता. तो कसा हाताळायचा ते त्यानंच तिला हौसेनं शिकवलं होतं; आडवी फ्रेम कधी घ्यायची, उभी कधी, माणूस कडेला का ठेवायचा. तिनं तो सुरू केला, मागे मागे जात त्या सकाळपर्यंत पोचली आणि तिथून एकेक फोटो पुढे बघत गेली.

आधी शिंजीर होता. जास्वंदीत चोच घातलेला, उडता, पाठ फिरवलेला. सगळ्या फ्रेम आडव्या. मग एक आडवीच फ्रेम, तीत नुसती भिंत आणि पिवळा अस्पष्ट गोळा. मग पुढची स्पष्ट, त्यात बिबट्या एकटा. आणि त्याच्या पुढची उभी. लेन्स मागे घेतलेली. भिंत, बिबट्या आणि कडेला ती.

त्यानंतर उभ्या फ्रेमची रांगच होती. फांदी ओढणारी ती. डहाळी तोडणारी. मान किंचित वळलेली, ओठ उघडे, म्हणजे स्वगत चाललेलं. एका फ्रेममध्ये बिबट्याचा पुढचा पंजा भिंतीवरून खाली लोंबत होता. तिच्या बाजूला. त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये पंजा आणखी खाली होता. शेवटच्या फ्रेममध्ये बिबट्यानं मान वर केली होती. बुंदी भुंकली तो क्षण असणार. त्याच्या पुढे काही नव्हतं.

फाटक वाजलं. बुंदी धावत वर आली आणि तिच्या पायाशी पसरली. मागोमाग वाल्मीक आला. दारात थबकला.

"आडवा होता कॅमेरा," मोहिनी म्हणाली.

"काय?"

"शिंजीर आडवा काढलात. बिबट्यापण आधी आडवाच काढलात. मग कॅमेरा उभा केलात. लेन्स मागे घेतलीत. मी फ्रेममध्ये यावी म्हणून."

तिला वाटत होतं की आता तो काहीतरी सांगेल. वनखात्याचे साहेब काय म्हणाले, ओरडलो असतो तर तू पळाली असतीस, असलं काहीतरी. त्यानं सांगितलं असतं तर तिनं ते धरून ठेवलं असतं. मनापासून धरून ठेवलं असतं.

"हो," तो म्हणाला.

"मी दिसत होते तुम्हाला?"

तो खुर्चीत बसला. दोन्ही तळहातांनी चेहरा घासला. "निळं दिसत होतं. भिंत, ते पिवळं आणि निळं. इतकं नीट जुळून आलं होतं... तू आहेस हे दिसत होतं गं, पण कळत नव्हतं. बुंदी भुंकली तेव्हा कळलं. तेव्हापासून झोप नाही मला."

"झोपत तर होतात. घोरत होतात."

त्या दिवसापासून मोहिनी खालच्या खोलीत झोपायला लागली. भांडण नाही, आदळआपट नाही. भाजी, भाकरी, वरण, सगळं वेळेवर ताटात येत होतं. फक्त ती त्याच्याशी बोलत नव्हती. मागच्या अंगणात ती जात नव्हती, झाडांना पाणी तोच घालत होता. घरात चमच्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. बुंदीला काय ते कळेना. ती रात्री जिन्याच्या मधल्या पायरीवर झोपायची.

आणि नेमका त्याच आठवड्यात सोसायटीनं सत्कार ठरवला. सेक्रेटरी लताबाई, सटाण्याकडच्या, मोठ्या आवाजाच्या आणि मोठ्या मनाच्या. त्या घरी येऊन निमंत्रण देऊन गेल्या. "दोघांनी यायचं, वहिनी. अख्ख्या नाशिकात आपल्या कॉलनीचं नाव झालंय."

हॉलमध्ये स्टेजवर मागे त्या फोटोचा भिंतभर फ्लेक्स लावला होता. मोहिनीला त्याच्याकडे पाठ करून खुर्चीवर बसावं लागलं. बिबट्या बरोबर तिच्या मानेवर होता. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. शेजारी वाल्मीक, अंगावर शाल, हातात नारळ, चेहरा राखेसारखा.

लताबाईंनी भाषण केलं. प्रसंगावधान, धैर्य, तीस वर्षांच्या संसारातली साथ, सगळं झालं. टाळ्या झाल्या. मग त्यांनी माइक मोहिनीपुढे धरला. "वहिनी, तुम्ही तर नाटकातल्या. सांगा की, त्या क्षणी काय वाटलं? भाऊंनी हाक मारली तेव्हा?"

पुढच्या रांगेत लोकांनी मोबाइल वर धरले. वाल्मीक तिच्याकडे बघत नव्हता. त्याच्या गुडघ्यावरचा नारळ हलत होता, एवढं तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. एक वाक्य बोललं की हा माणूस या गावात पुन्हा मान वर करून चालणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि गोड बोलून सोडून दिलं तर आपणच त्या फोटोत कायमचे जाऊन उभे राहू, हेही दिसत होतं.

"मला काहीच कळलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज साधा होता, स्टेजवरचा नव्हता. "माझी पाठ होती. बघत हे होते. ह्यांनाच विचारा."

आणि तिनं माइक वाल्मीकच्या हातात दिला.

त्यानं तो घेतला. मग तो उभा राहिला, शाल खांद्यावरून घसरली, ती त्यानं उचलली नाही.

"मी आधी फोटो काढले," तो म्हणाला. "एक नाही, खूप काढले. हिला हाक नंतर मारली. कुत्रं भुंकलं म्हणून मारली. नाहीतर... मी काढतच राहिलो असतो."

मग मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि सगळा हॉल हसला. टाळ्या पडल्या. "काय भाऊ, बायकोची चेष्टा इथंपण!" लताबाई डोळे पुसत म्हणाल्या आणि त्यांनी माइक काढून घेतला. "असा दिलदार माणूस, स्वतःचं कौतुकसुद्धा करून घेत नाही!"

वाल्मीक तसाच उभा होता. तोंड उघडं, रिकामा हात माइक धरल्यासारखा छातीपाशी. त्यानं मोहिनीकडे बघितलं. त्या सगळ्या हॉलमध्ये हसली नव्हती अशी ती एकटीच होती.

घरी चालत परतताना दोघं गल्लीच्या दोन कडांनी चालत होते. फाटकाशी आल्यावर तो म्हणाला, "खरंच सांगितलं मी."

"ऐकलं मी."

"कुणी ऐकलं नाही पण."

"मी ऐकलं म्हणते ना." तिनं कडी काढली. बुंदी अंगावर उड्या मारायला लागली, तिला थोपटून ती पुढे म्हणाली, "मी वर येणार नाही झोपायला. एवढ्यात तरी नाही."

"बरं."

"आणि उद्या तालमीला मला सोडायला या. आत येऊन बसा. दाराच्या बाजूला, माझ्या मागे."

त्यानं मान हलवली. कारण विचारलं नाही.

तो रोज गेला. शाळेच्या त्या हॉलमध्ये, मोडक्या बाकावर, दाराशेजारी, हात मांडीवर ठेवून बसायचा. पहिल्या दिवशी मोहिनी तीनदा वळून बघून थांबली. तृप्ती नुसतं पुन्हा सुरू करायला सांगत राहिली. हळूहळू ती वळायची थांबली. भीती गेली असं नाही. पण मागे कोण बसलंय ते तिला माहीत होतं, आणि त्या माणसात काय आहे तेही. न माहीत असण्यापेक्षा ते बरं होतं.

वाल्मीक ज्या फोटोग्राफी क्लबमध्ये जायचा, त्याच्या प्रदर्शनात तो फोटो लागला नाही. त्यानं दिला नाही, एवढंच लोकांना कळलं. नाटक झालं, बक्षीस मिळालं नाही, पण जात्याच्या प्रवेशाला प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही, असं तृप्ती नंतर सांगत होती. मोहिनी खालच्याच खोलीत झोपत राहिली. संक्रांतीच्या आदल्या रात्री तिळाचे लाडू वळून हात धुतल्यावर ती जिना चढायला लागली, आणि मधल्या पायरीवरची बुंदी उठून तिला वाट द्यायला बाजूला सरकली.