फोटोपेपरवरचा चेहरा

दोंडाईच्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर संघमित्रा बैसाणेचं झेरॉक्सचं आणि फोटोचं दुकान आहे. शेजारी रतिलालभाऊंचा मिरची कांडायचा डंक. दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं स्वप्नील, त्याची बायको रूपा आणि आई कमलबाई राहत. स्वप्नील पिकअपवर ड्रायव्हर होता, रावेरहून केळी भरून धुळे-नंदुरबारला टाकायचा. रूपा घरी बसून आरी वर्क करायची, ब्लाऊजच्या बाह्यांवर जरी आणि मण्यांची नक्षी. नक्षी ती टॅबवर बोटानं काढायची, आणि कापडावर उतरवायला तिला ती खऱ्या मापात कागदावर लागायची. दर वेळी खाली दुकानात यायचं म्हटलं की स्वप्नीलचं तोंड वाकडं व्हायचं. म्हणून संघमित्रानं एके दिवशी तिचा टॅब दुकानाच्या वायफायला जोडून दिला.

"वर बसूनच पाठवत जा. आधी शेअर, मग प्रिंट, मग माझ्या प्रिंटरचं नाव. कागद निघाला की मी जिन्यावर ठेवते."

"आणि नेट गेलेलं असलं तर?"

"याला नेट लागत नाही. माझा राऊटर चालू, प्रिंटर चालू, झालं काम."

दीड वर्ष असं चाललं. कधी मोर, कधी कोयऱ्या, कधी कमळं, वरून खाली यायची. रूपा कधीमधी जिन्यात भेटली तर दोघी चार शब्द बोलायच्या. तिच्या मनगटावर हिरवंनिळं दिसलं तेव्हा संघमित्रानं विचारलं, आणि रूपा म्हणाली, "दारात अडकला हात." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती बाही खाली ओढून वर निघून गेली. त्यानंतर संघमित्रानं विचारलं नाही. हे तिला पुढे फार लागलं.

एप्रिल महिना होता. वर्षाचा मसाला करून घ्यायला बायका सकाळपासून डंकाशी रांगेत बसलेल्या. डंकाच्या धडधडीत शेजारच्याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. गटारीच्या खोदकामात जेसीबीनं केबल तोडलेली, त्यामुळे दोन दिवस अख्ख्या गल्लीत नेट नव्हतं.

त्या दिवशी साडेदहाला स्वप्नील गाडी रिकामी करून घरी आला. रूपा आंघोळीला गेली होती आणि तिचा फोन शिलाई मशीनवर वाजत होता. नाव होतं लीलाधर, धुळे. त्यानं फोन उचलून पाहिलं, त्या आठवड्यात याच नावाचे सहा फोन. लीलाधर हा धुळ्याचा साठीचा कापड दुकानदार, रूपाला ब्लाऊजांच्या ऑर्डरी द्यायचा. हे स्वप्नीलला माहीत होतं. तरी रूपा बाहेर आली तेव्हा त्यानं विचारलं, "हा कोण?"

"धुळ्याचे लीलाधरशेठ. पंधरा पीस आहेत लग्नाचे. सांगितलं होतं ना तुम्हाला."

त्यानं आधी फोन फरशीवर आपटला. मग तिचे ओले केस मुठीत धरून तिचं तोंड मशीनच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली. तिनं हात मध्ये घातला तेव्हा त्यानं तो हात पिरगाळून तिला खाली पाडलं आणि मनगटाच्या वरच्या हाडावर टाचेनं दाबलं. हाड मोडल्याचा आवाज तिला कानांनी नाही, दातांतून कळला. ती ओरडली. खाली डंक धडधडत होता. स्वप्नील पोटात लाथा घालत राहिला, न बोलता, ओझी उतरवणारा माणूस करतो तसं एका लयीत. कमलबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एकदा "बस कर ना" म्हणाली. त्यानं नुसतं वळून पाहिलं, तशी ती बाहेर जिन्यावर जाऊन बसली.

दमल्यावर तो थांबला. त्यानं हात धुतले. रूपा पलंगाशी पडली होती. तो वाकून म्हणाला, "डिझेल टाकून येतो. आल्यावर तुझा धुळ्याचा निकाल लावतो. आज तू या घरातून चालत जाणार नाहीस." मग त्यानं बाहेरून कडीला कुलूप घातलं आणि गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

रूपा बराच वेळ हलली नाही. डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. उजवा हात भलत्याच ठिकाणी वाकलेला होता. खिडकी मागच्या बोळात उघडणारी, गजांची, आणि बोळात चिटपाखरू नव्हतं. तिनं हाक मारून पाहिली. आवाजाऐवजी रक्त आलं.

टॅब कापडांच्या ढिगाखाली होता. टॅबही फोडावा हे स्वप्नीलला सुचलं नव्हतं. तिनं तो दातांनी आणि डाव्या हातानं ओढून बाहेर काढला. सिम नव्हतंच त्यात. व्हॉट्सॲप नुसतं गोल फिरत राहिलं. तेव्हा तिला वायफायची खूण दिसली. खाली राऊटर चालू होता.

काय छापायचं हे तिनं फार ठरवलं नाही. समोरचा कॅमेरा उघडून तिनं स्वतःचा फोटो काढला. पाहिला आणि तिला ओळख पटली नाही. शेअर. प्रिंट. नाव. डाव्या अंगठ्यानं तिनं बटण दाबलं.

खाली संघमित्रा एका बाईंचे पासपोर्ट फोटो कापत होती. प्रिंटरमध्ये अजून चकचकीत फोटोपेपर होता. प्रिंटर आपोआप सुरू झाला तेव्हा तिला वाटलं, रूपाची नक्षी आली आणि आपला महागाचा कागद वाया गेला. ती उठून गेली. आधी काळे ओले केस आले. मग कपाळ. मग फाटलेली भुवई आणि लाल, पार लाल. कागद तसूतसूनं पुढे सरकत होता. सुजून मिटलेला डोळा आला, मग नाक, मग फुटलेले ओठ. तिनं कागद हातात घेतला तेव्हा शाई ओली होती आणि तिचा अंगठा त्या गालावर उमटला.

लगेच दुसरा कागद यायला लागला. टॅबवरच्या नक्षी काढायच्या पानावर बोटानं लिहिलेली वेडीवाकडी अक्षरं होती. दार बाहेरून बंद. हात मोडला. तो मारणार आहे. ये.

"बाई, तुम्ही बसा," संघमित्रा त्या गिऱ्हाइकाला म्हणाली आणि तिनं ११२ ला फोन लावला. पत्ता सांगितला, दोनदा सांगितला. पलीकडून सांगितलं की गाडी निघते आहे, तुम्ही एकट्या वर जाऊ नका. तिनं बरं म्हटलं आणि ती जिन्याकडे निघाली.

कमलबाई वरच्या पायरीवर बसलेली होती.

"आजी, चावी द्या."

"चावी त्यानाजोडे शे. नवरा-बायकोनं भांडण शे हाई, तू खाले जाय."

संघमित्रानं फोटो तिच्यापुढे धरला. म्हातारीनं तोंड फिरवलं.

"आत काय झालं ते पाहिलंत ना तुम्ही? मग हेही बघा की नीट."

"मना एकुलता एक पोर्‍या शे," कमलबाई एवढंच म्हणाली आणि उठून भिंतीला लागून उभी राहिली.

दाराला धक्के देऊन उपयोग नव्हता. संघमित्रा धावत खाली गेली, डंकात शिरली आणि रतिलालभाऊंच्या कानाशी ओरडून बोलली. ऐकू गेलं नाही. मग तिनं तो फोटो त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. पन्नाशीचा माणूस, भुवयांपासून पायांपर्यंत मिरचीनं लाल झालेला. त्यांनी बटण बंद केलं, तराजूतलं पाच किलोचं वजन उचललं आणि काही न विचारता तिच्या मागे आले. चार घावांत कोयंडा लाकडातून उपटून निघाला.

रूपा मशीनच्या पायाशी टेकून बसली होती. संघमित्रानं ओढणीनं तिचा हात गळ्याशी बांधला. "उठता येईल?" रूपानं मान हलवली. रतिलालभाऊ तिला आधार द्यायला वाकले, आणि त्याच वेळी खाली पिकअपचं दार आपटलं.

स्वप्नील टॉमी घेऊन वर आला. चाक खोलायची दोन हात लांब लोखंडी सळई. तुटलेलं दार पाहून तो उंबऱ्यात क्षणभर थांबला. रतिलालभाऊ म्हणाले, "स्वप्नील, पोलिसांना फोन गेलाय. खाली ठेव ते." त्यानं पहिला घाव त्यांच्या गुडघ्यावर घातला. ते मोडक्या खुर्चीसारखे बसले. दुसरा घाव संघमित्राच्या डोक्यावर यायचा होता. ती वळली म्हणून खांद्यावर बसला, गळ्याजवळचं हाड तुटलं आणि तिचा डावा हात लुळा पडला. ती पडली ती रूपाच्या अंगावर. तिला आठवतं ते एवढंच, की उठायला हवं असं वाटत होतं आणि पाय ऐकत नव्हते. त्यानं तिला लाथेनं बाजूला केलं. तिच्या तोंडात फरशीवरचे मणी गेले.

मग तो रूपाकडे वळला. "घरातल्या गोष्टीच्या पत्रिका वाटल्या तू गावात," म्हणाला. त्यानं टॉमी दोन्ही हातांनी वर उचलली. छत ठेंगणं होतं. टॉमी पंख्याच्या पात्याला लागली आणि घाव उशिरा आला, भिंतीवर बसला. तेवढ्यात रूपाच्या डाव्या हाताला मशीनखालची कापड कापायची मोठी कात्री लागली होती. तिनं ती समोर दिसेल त्यात घातली. मांडीत घातली. बाहेर काढली आणि पुन्हा घातली. तो खाली आला, आधी आश्चर्यानं, मग वेदनेनं. टॉमी घरंगळत पलंगाखाली गेली. रूपाचा हात तिसऱ्यांदा वर गेला. कात्री त्याच्या गळ्यापासून वीतभरावर होती आणि तो डोळे मिटून हात जोडत होता.

"रूपा," संघमित्रा म्हणाली. तिच्या तोंडून तेवढंच निघालं.

रूपा तशीच बसून राहिली, हात वर धरून. डंकापाशी बसलेल्या बायका जिन्यावर जमल्या होत्या, कोणी आत येत नव्हतं. मग दोघीजणी आल्या, एकीनं रूपाच्या हातातून कात्री काढून घेतली आणि दुसरीनं स्वतःचा पदर फाडून स्वप्नीलच्या मांडीला बांधला. पोलिसांची गाडी आली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात रूपा आणि संघमित्रा एकाच वॉर्डात होत्या. फुटलेल्या गुडघ्याचे रतिलालभाऊ पुरुषांच्या वॉर्डात होते. स्वप्नील पोलिसांच्या पहाऱ्यात तिसरीकडे. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यानं जबाब दिला आहे. बायकोनं आधी कात्री मारली, मी स्वतःला वाचवायला तिला ढकललं, शेजारीण मध्ये पडली. कमलबाईनंही तेच सांगितलं होतं.

संघमित्राचा नवरा आकाश जळगावहून रात्रपाळी सोडून आला होता. ते दोन्ही कागद त्यानं दुकानातून आणि डंकातून शोधून आणून दिले, आणि वरच्या खोलीतला टॅबही. जबाब घ्यायला आलेल्या फौजदार बाईंनी टॅबमध्ये फोटोची वेळ पाहिली. अकरा बावन्न. ११२ च्या नोंदीतली वेळ अकरा छप्पन्न. स्वप्नील डिझेल टाकून पंपावरून निघाला तो बारा वाजता, तिथल्या कॅमेऱ्यात.

"म्हणजे हा चेहरा कात्रीच्या आधीचा आहे," फौजदार बाई म्हणाल्या. त्यांनी कागद पाकिटात घातला आणि पाकिटावर वेळ लिहिली.

त्याच संध्याकाळी रावेरहून रूपाचे वडील झुलाल आले. केळी भरायच्या कामावरून तसेच आले होते, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. पलंगाच्या कडेला टेकून ते म्हणाले, "त्याच्या घरचे भेटले मला. तू तुझी केस मागे घे, ते त्यांची घेतील. तुझ्यावरही कलम लागणार म्हणतात, पोरी. तू सांग, कात्री कशी लागली ते तुला आठवत नाही. झटापटीत लागली म्हण."

रूपानं तोंड भिंतीकडे वळवलं. संघमित्रा शेजारच्या पलंगावर होती. तिच्या कानांवर ते सगळं पडलं.

सकाळी फौजदार बाई पुन्हा आल्या. "कात्री कशी लागली?" त्यांनी विचारलं. झुलाल दाराशी उभे होते.

"लागली नाही," रूपा म्हणाली. ओठ शिवलेले होते, शब्द हळू येत होते. "मी मारली. दोनदा. तिसऱ्यांदा गळ्यात मारणार होते. हिनं हाक मारली म्हणून थांबले."

"हे असं लिहू?"

"लिहा. झटापटीत लागली असं लिहिलं तर मी काही केलंच नाही असं होईल. चार वर्षं मी तेच सांगत आले, दारात अडकला, जिन्यावरून पडले. आता जे झालं ते सगळं लिहा. त्यानं काय केलं तेही आणि मी काय केलं तेही."

झुलाल बाहेर व्हरांड्यात गेले. थोड्या वेळानं चहाचे तीन कप घेऊन परत आले. एक त्यांनी संघमित्राच्या उशाशी ठेवला, एक फौजदार बाईंना दिला आणि तिसरा फुंकून, निववून लेकीच्या ओठांना लावला.

जबाब सात पानांचा झाला. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून फौजदार बाईंनी अंगठ्याची शाई पुढे केली. रूपानं ती नको म्हटली आणि पेन मागितलं. डाव्या हातानं एकेक सही करायला तिला फार वेळ लागला. सातही पानांवर तिनं पूर्ण नाव लिहिलं, रूपा झुलाल पाटील, आणि तेवढा वेळ कोणी तिला घाई केली नाही.