मावशींच्या नावापुढचा रिकामा रकाना

राउमा गावच्या संग्रहालयात उद्घाटन दुपारी तीनला होतं आणि फीत कापायला बोलावलेल्या सिल्वीमावशी अकरालाच येऊन बसल्या होत्या. वय एक्क्याण्णव. फीतही त्यांनीच विणलेली, लाकडी रिळांवर, चार महिने खपून. ती कापायची म्हणून सकाळपासून त्यांचा जीव खालीवर होत होता.

भिंतीवरच्या छापील फलकावर गावातल्या लेस विणणाऱ्या सगळ्या बायकांची नावं लागायची होती. त्या यादीची कच्ची प्रत मावशींनी भिंगातून दोनदा वाचली.

"राईया, मी कुठे आहे गं?"

नोंदी सांभाळणाऱ्या राईयाने यादी ओढून घेतली. दोनशे बारा नावं, आणि जिने तिला हातात रिळं धरायला शिकवलं तीच त्यात नाही!

"पेनाने लिहून टाकू खाली," संग्रहालयाचा प्रमुख पेन्टी म्हणाला.

"पेनाने? सामानाच्या यादीत राहिलेलं मीठ लिहितात तसं? छापलं तरच राहीन, नाहीतर ही फीत गुंडाळून मी चालले घरी."

राईयाने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. संगणकातल्या नोंदींना प्रश्न विचारण्याची ही भाषा ती पुस्तकावरून, स्वतःची स्वतःच शिकली होती. "तीन-तीन शब्दांची वाक्यं असतात, मावशी. कोण, काय, कुणाला. माहीत नसेल त्याच्याआधी प्रश्नचिन्ह. वाक्य संपलं की टिंब. सगळी वाक्यं जिला लागू पडतात, ती यादीत येते."

समजावं म्हणून तिने ते साध्या शब्दांत कागदावर लिहून दाखवलं:

?बाई विणते लेस .
?बाई जन्मली ?कधी .
?बाई वारली ?केव्हा .

मावशींनी ओळीवर बोट ठेवलं. "विणते. हो. जन्मले. तेही झालं." बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं. "हे मात्र राहिलंय माझं."

पेन्टीने घड्याळाकडे पाहिलं.

"फलकवाला साडेबाराला येतोय," पेन्टी घाईघाईने म्हणाला.

"तासाभरात जमेलसं वाटत नाही रे."

राईयाला हसावं की रडावं कळेना. प्रत्येकीच्या नावापुढे दोन्ही तारखा छान दिसतील, या हौसेपायी तिने गावातल्या जिवंत बायकाच गाळल्या होत्या. 'असेल तर दे, नसेल तर राहू दे' अशा अर्थाचा एक शब्द भाषेत होता. तो लिहून तिने तिसरं वाक्य महिरपी कंसात बसवलं. यंत्र खेकसलं. कंस मिटायचा राहिला होता.

"टाका अडवायची टाचणी विसरलीस," मावशी म्हणाल्या. "पन्नास वर्षांपूर्वी शिकतानाही हेच."

कंस मिटला. यादी आली. दोनशे चौदा! सिल्वी सालोनेन, जन्म अमुक, पुढचा रकाना रिकामा. मावशींनी त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं आणि समोरच्या बशीतल्या वेलदोड्याच्या पावाचा मोठा तुकडा तोंडात टाकला.

"पण दोन वाढल्या," पेन्टी म्हणाला. "दुसरी कोण?"

"हेल्वी रान्ता. पूर्वी गावातलीच, आता तुर्कू शहरात असते."

मावशींचा घास गालातच राहिला. "हेल्वी? जिवंत आहे?"

चाळीस वर्षांपूर्वी गावाच्या स्पर्धेत हेल्वीने परीक्षक म्हणून मावशींच्या विणलेल्या हंसाला बदक म्हटलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

"आणि माझ्या वर छापणार तिला?"

"आडनावाच्या अक्षरांप्रमाणे लागतात, मावशी. र आधी, स नंतर."

"तिला एखादी तारीख घालून टाक."

"मावशी!"

"बरं." त्यांनी मांडीवरची फीत उलगडली, परत घडी घातली. फलकवाला येऊन यादी घेऊन गेला. मग मावशींनी हात पुढे केला. "फोन लावून दे. तुर्कूहून बस दीड तासात येते."

"काय सांगणार?"

"सांगेन, माझ्या हाताने ही फीत कापवत नाही. तू ये. माझं काम कापायची तुला हौस आहेच. आणि कात्री धारेची आण, हेल्वी, इथली बोथट आहे."