क्लच चुकला नव्हता

मी बोलतेय. छपरावर शिकवणीची पाटी, दोन्ही अंगांना खरचटलेले दरवाजे आणि मास्तरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असलेली गाडी. वय विचारू नका. विचारलंत तर खरं सांगेन, आणि मग तुम्ही माझं ऐकायचंच सोडून द्याल.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग पिस्ता होता. पहिला मालक वकील. दारसुद्धा असं लावायचा, जणू आत बाळ झोपलंय. त्याच्याकडून मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आले आणि लाड संपले. रोज नवा पाय, रोज नवा दणका. घाबरलेला माणूस स्टिअरिंग असं धरतो, जणू पुरात ओंडका हाती लागलाय. चूक झाली की दहातले नऊ जण मला दोष देतात, दहावा स्वतःला. त्या दहाव्याचं मला वाईट वाटतं.

दोन वर्षांपूर्वी मला धाप लागू लागली. निघताना ठणठणीत. वीसेक मिनिटं झाली की अंगातला जोर जायचा, अ‍ॅक्सिलरेटर दाबून उपयोग नसे. दोन आचके, की बंद. जरा वेळ उभी राहिले की पुन्हा सुरू.

“क्लच पटकन सोडलात,” मास्तर म्हणत. स्टिअरिंगवर जो बसला असेल, त्याला.

मिस्त्रीनं प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, पेट्रोलचा पंपही नवा घातला. गॅरेजात मला दहा मिनिटं चालू ठेवून तो कान लावी. दहा मिनिटांत मला काय होणार? शेवटी म्हणाला, “वय झालंय हिचं.” स्कूलच्या मालकांनाही ते पटलं. काय झालंय ते कळेना की माणसं वयावर बिल फाडतात. मी काय करणार? बोलता येत असतं तर त्याच गॅरेजात दोघांना सुनावलं असतं.

अशात सिस्टर शिकायला आल्या. चौतीस वर्षं इस्पितळात नर्स, नुकत्याच निवृत्त. बहीण टेकडीपलीकडे राहायची, गुडघ्यांनी अडलेली. तिच्याकडे स्वतः गाडी चालवत जायचं, एवढीच त्यांची हौस.

परीक्षेच्या मैदानापर्यंत पोचेतो माझी वीस मिनिटं भरत. मी ऐन चढावर बंद पडले. परीक्षकानं लिहिलं, ‘क्लचवर ताबा नाही.’ दुसऱ्या खेपेलाही तेच.

त्यांचा मुलगा न्यायला आला होता. “आई, राहू दे ना आता. मी आहे ना सोडायला.”

“तू आहेस रे. पण तुला रविवारचीच सवड. मला बहिणीची आठवण मंगळवारीही येते.”

मास्तरांनी त्यांना दुसरी, नवी गाडी देऊ केली. “सिस्टर, ही तर येत्या शनिवारी भंगारात चाललीय.”

“मग शनिवारपर्यंत हीच द्या. नापास हिच्यात झालेय ना?”

दुसऱ्या दिवशी मी चौकाच्या अलीकडे बंद पडले. मास्तरांनी तोंड उघडायच्या आत सिस्टरनी पर्समधून छोटी वही काढली. तापाचा तक्ता ठेवायची सवय! माझाही ठेवला होता.

“मास्तर, मी गाडी बंद पाडते ती विसाव्या मिनिटाच्या आसपास. वाटेत पेट्रोल भरलं की नाही पाडत. माझ्या पायाला पेट्रोल पंप कळतो का?”

मास्तर खाली उतरले. मग सवयीनं बोनेटकडे निघाले.

“बोनेट नको. टाकीचं झाकण उघडा.”

झाकण फिरलं आणि फुस्स करून हवा आत शिरली. दोन वर्षं कोंडत आलेला श्वास होता तो माझा! चावी फिरवताच मी सुरू झाले.

“पूर्वी आमच्याकडे सलाइनच्या काचेच्या बाटल्या असत,” सिस्टर म्हणाल्या. “वरून हवेची सुई टोचली नाही तर थेंब पडायचा थांबे. बाटली भरलेली, शीर चांगली, पण हवा आत गेल्याशिवाय सलाइन खाली येत नाही.”

मिस्त्रीनं झाकण तपासलं आणि कपाळावर हात मारला. माझं मूळचं झाकण दोन वर्षांपूर्वी कुणीतरी पेट्रोल भरताना हरवलं होतं. मालकांनी दुसऱ्याच गाडीचं बसवलं. बसलं घट्ट, पण त्याला हवेचं भोकच नव्हतं. मिस्त्रीनं माझ्या जातीचं झाकण शोधून आणलं. “मावशी, माझ्याकडे कामाला या,” म्हणाला.

“आत्ताच तर सुटलेय कामातून!”

शुक्रवारी परीक्षेत मी सिस्टरना घेऊन तो चढ चढले. त्या पास झाल्या आणि भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं गेलं. पण सिस्टर स्कूलचं ऑफिस सोडून जाईनात. त्यांनी रजिस्टर मागवलं. गेल्या दोन वर्षांत अकरा जण ‘क्लचवर ताबा नाही’ हा शेरा घेऊन शिकणं सोडून गेले होते.

“यांना फोन करा.”

“जाऊ द्या हो, झालं गेलं,” मालक म्हणाले. “आपणच आपली नाचक्की कशाला करायची?”

“आमच्याकडे चुकीचं औषध गेलं तर रोग्याला सांगावं लागतं. चूक त्यांची नव्हती, एवढंच सांगा. नाहीतर नंबर द्या, मी सांगते.”

मालकांनी फोन केले. सहा जण परत आले. त्यांत पुस्तकं बांधणारा एक प्रौढ माणूस होता, मान खाली घालून चालणारा. तो आत बसला आणि त्यानं स्टिअरिंगवर हात ठेवले.

“म्हणजे मला येत होतं?” त्यानं विचारलं.

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. “येत होतं,” ते म्हणाले. “मीच चुकलो.”

आज माझा मागचा बंपर तारेनं बांधलाय, एक काच अर्ध्यावरच अडते. एक दिवस मी खरीच बंद पडेन. त्या दिवशी खुशाल न्या मला भंगारात, हूं की चूं करणार नाही. पण तोवर, ‘वय झालं’ म्हणत जो कुणी मला ढकलायला येईल, त्यानं आधी अर्धा तास माझ्यासोबत रस्त्यावर यावं आणि मी नेमकी कुठे अडते ते बघावं. तेवढी सवड नाही? मग बाजूला व्हा. माझा शिकाऊ आलाय, आणि आम्हाला चढ चढायचाय.