राहू दे

“कोनाचं नाव? मले तं नाही दिसत बाप्पा,” असं म्हणून माझ्या नवऱ्याने तळहातावर थुंकी घेतली आणि लोखंडी टेबलावरचं खडूचं नाव पुसून टाकलं.

नाव धर्मपाल या दुसऱ्या गिऱ्हाइकाचं होतं, आणि धर्मपाल तिथेच उभा होता. अकोल्याच्या त्या जुन्या मशिनरीच्या आवारात रीत अशी, की मालावर ज्याने आधी खडूने नाव घातलं त्याचा माल. त्याला कागद लागत नाही. एकमेकांचे गळे कापणारे व्यापारीसुद्धा खडूचा मान ठेवतात. आमच्या घरधन्याने मात्र थुंकीवर काम भागवलं.

“अरे गा, सकाळीच लिहेल होतं ना मी,” धर्मपाल बोलला. तो बिचारा भांडायच्या सुरात नव्हताच.

“लिहून जेवाले गेल्ता ना? मंग जेव.”

धर्मपालने टेबलावर हात ठेवला. एवढाच त्याचा गुन्हा. जानरावाने हातातला पाना त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटून रक्त टेबलावर सांडलं, धर्मपाल खाली पडला, आणि जानराव त्याच्या छातीवर पाय देऊन विचारत होता, “अजून लिवतं का? लिव ना!” आवाराचा मालक देवराव धावत आला, पण हातभर अंतरावरच थबकला. “घेऊन जाय बाबा तुहं टेबल, पन पयले इथून निंघ,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. म्हणजे झालं! मारणाऱ्याला माल मिळाला आणि मार खाणाऱ्याला माती.

बायकांनी नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, आणि उखाण्यातही नाही, असंच घेते. जानराव. अमरावतीला वलगाव रोडवर आमचं वर्कशॉप आहे, मागच्या खोलीत घर. मिलिंग मशीन तो चालवतो. ड्रिल मी चालवते, आणि कोणी विचारलं तर तो सांगतो की मी चहा करते. दालमिलवाले दात पडलेली चाकं घेऊन यायचे आणि आम्ही त्यांना हात हलवत परत पाठवायचो, कारण चाकाला दाते पाडायचे तर मिलिंग मशीनवर बसवायला गोल फिरतं टेबल लागतं. नवं घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं. म्हणून जुनं बघायला अकोल्याला आलो होतो. टेबल चांगलं होतं, मी हँडल फिरवून पाहिलं. वजन दोन क्विंटल तरी असेल.

उन्हासाठी बांधलेला स्कार्फ मी सोडला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि धर्मपालच्या हातात दिला. जानरावाने ते पाहिलं. मला ठाऊक होतं तो पाहणार, तरी दिला.

टेम्पोत आम्ही तिघं. गाडी चालवणारा अकोल्याचा भगवंत, मधे मी, खिडकीशी जानराव. बोरगाव मागे पडलं तशी त्याने माझी बोटं हातात घेतली. बघणाऱ्याला वाटावं, काय प्रेम आहे बुवा. हळूहळू त्याने ती उलटी वाकवायला सुरुवात केली.

“लय पुळका आला का वं त्याचा?”

मी ओरडले नाही. ओरडलं की त्याला जोर येतो. भगवंतने एकदा माझ्या हाताकडे पाहिलं आणि गाण्याचा आवाज वाढवला. दोष तरी काय देणार त्याला! शहाणा माणूस समोरचा रस्ता बघतो. मूर्तिजापूर आलं तेव्हा जानरावाने बोटं सोडली आणि म्हणाला, “आता घरी गेलो का त्या पोट्टीचा निकाल लावतो. पायच मोडून ठेवतो तिचे. मंग जाय म्हना नर्स व्हाले.”

पोट्टी म्हणजे आकांक्षा, आमची एकुलती. बारावी झाली आणि तिचा अकोल्याच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला. उद्या प्रवेशाची शेवटची तारीख होती. मागच्या आठवड्यात तिने बापाला तोंडावर सांगितलं, मी जाणार. त्याच्या हातात कानस होती. कानशीच्या लाकडी मुठीने त्याने तिच्या डाव्या कानावर मारलं. कानातून रक्त आलं, पडदा फाटला. आता त्या बाजूने बोललेलं तिला ऐकू येत नाही. मला मारायचा तेव्हा मला त्याची भीती वाटायची. आयुष्य भीतीतच काढलं, त्याचीही सवय झाली होती. पण पोरीचा कान फुटला आणि भीती गेली, नुसती चीड राहिली. ती पोटात घेऊन मी त्याला वाढत होते आणि त्याचे कपडे धूत होते. आणि हा माणूस बोलला की करतो, हे मला पक्कं माहीत होतं. त्याच्यात तेवढा एकच गुण आहे.

“भाऊ, वापस रिकामेच जाता का?” मी भगवंतला विचारलं.

“हाव वहिनी. टेबल उतरलं का निंघतो. संध्याकाळचं भाडं हाये तिकडं.”

जानरावाचं लक्ष नव्हतं. त्याने डोळे मिटले होते.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. माल उतरवायला दोन माणसं बोलवा, असं मी म्हटलं. तो म्हणाला, “मानसं कायले? तू हायेस ना!” टेम्पोला फळ्या लावल्या, खाली पाइपाचे तुकडे टाकले आणि टेबल त्यावरून सरकवत आत आणलं. मागून दोर धरायचा मी आणि भगवंतने. पुढे उभं राहून शिव्या घालायच्या त्याने. टेबल आत आलं तसा भगवंत टेम्पो वळवायला बाहेर गेला. आमची गल्ली अरुंद, गाडी वळवायला चार वेळा मागेपुढे करावी लागते.

आता टेबल साखळीने उचलून मशीनवर चढवायचं, तर त्याच्या खालून पट्टा घालायला हवा. त्यासाठी मी एका कडेला सब्बल म्हणजे पहार घालून दाबायची, कड उचलली गेली की त्याने खाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा. असं आम्ही कितीदा केलं होतं.

“दाब,” तो म्हणाला.

मी अंगाचं सगळं वजन सबलीवर टाकलं. सुजलेल्या बोटांतून कळ डोक्यापर्यंत गेली. कड चार बोटं वर आली. त्याने ठोकळा सरकवला, पण तो तिरपा अडकला. सरळ करायला त्याने उजवा हात खाली घातला.

“राहू दे,” तो म्हणाला.

आमच्या कामात याचा अर्थ, आहे तसं धरून ठेव. घराघरात याचा अर्थ, सोड, जाऊ दे. लग्नानंतर पहिल्यांदा मार खाऊन माहेरी गेले, तेव्हा आई म्हणाली, राहू दे. शेजारीण पोलिसात चल म्हणाली, तेव्हा तिला मीच म्हणाले, राहू दे. पोरीचा कान फुटला तेव्हा सासूबाई फोनवर म्हणाल्या, राहू दे वं, बापच हाये तिचा. वर्कशॉपमधला अर्थ मला कळत नाही असं नाही. पण त्या घडीला मला दुसराच ऐकू आला. राहू दे म्हणाला, आणि मी राहू दिलं.

सब्बल फरशीवर खणखणली. टेबल खाली आलं. तो असा ओरडला की मी माणसाचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. तिरप्या ठोकळ्याने अर्धा भार तोलला होता, उरलेला त्याच्या बोटांवर होता.

“उचल! अवं रांडे, उचल ना!”

मी सब्बल उचलली आणि तिचं टोक पुन्हा कडेखाली घातलं. फक्त दाबायचं बाकी होतं, आणि मी दाबणारच होते. तेवढ्यात मागच्या खोलीतून आकांक्षा धावत आली.

“आई! बाबाचा हात!”

ती त्याच्याकडे झेपावली. हात सोडवायलाच आली होती पोरगी. बाजूला पाना पडला होता. जानरावाने तो डाव्या हाताने उचलला आणि तिच्यावर फेकला. “तुह्याच पायी झालं हे! जित्ती नाही ठेवत तुले!” पाना तिच्या डोक्यावरून जाऊन शटरवर आदळला.

उजवा हात दोन क्विंटलखाली आणि डावा पोरीला मारत होता. मी सबलीवरचे हात काढून घेतले.

“आकांक्षा, बॅग घे. टेम्पोत बस.”

तिला ऐकू गेलं नाही. मी तिच्या डाव्या बाजूला होते. “इकडं पाय!” मी ओरडले, तशी तिने दुसरा कान माझ्याकडे केला. “बॅग घे. भगवंतभाऊ अकोल्याले जाऊन राहिले. भावनामावशीकडं उतर. उद्या सकाळी कॉलेजात जाय.”

“पन बाबा...”

“बाबाचं मी पायीन. जाय म्हनलं ना! जाय!”

ती रडत आत गेली आणि आधीच भरून ठेवलेली बॅग घेऊन रडतच बाहेर पडली. बाजूच्या गाळ्यात ग्राइंडर चालू होता, भगवंतला आतलं काही कळलं नसावं. “बस बाई, अंदर बस,” असं तो म्हणाला तेवढं मी ऐकलं.

जानरावाच्या शिव्या संपल्या होत्या. ठोकळ्याखालून रक्त पसरत माझ्या चपलेपर्यंत आलं. “सुभद्रे, पाया पडतो तुह्या. नाही मारत तिले. मायची आन.”

“बोलू नका,” मी म्हणाले. “लोखंडाखाली मानूस काईबी बोलतं.”

गाडी एकदा मागे गेली. पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. दर वेळी तो माझ्या तोंडाकडे बघायचा. मी दाराकडे बघत होते. शेवटी टेम्पो वळला, गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला आणि आवाज रस्त्याला लागला. मग मी सब्बल दाबली.

हात बाहेर आला तेव्हा दोन बोटं चपटी झाली होती. तो उठून मला मारणार, अशीच माझी खात्री होती. सब्बल मी हातातून ठेवली नाही. पण तो तिथेच बसून राहिला आणि त्या हाताकडे बघत राहिला, कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा. मी त्याला फडकं गुंडाळलं, ऑटो बोलावला आणि दवाखान्यात नेलं. दोन्ही बोटं कापावी लागली. कसं झालं, असं डॉक्टरने विचारलं.

“टेबल घसरलं,” जानराव म्हणाला.

“घसरलं नाही,” मी म्हणाले. “मी सोडलं.”

डॉक्टरने आमच्या दोघांकडे पाहिलं. माझ्या सुजलेल्या बोटांकडेही पाहिलं.

“तिची ऐकण्यात चूक झाली, साहेब,” जानराव घाईघाईने म्हणाला. बायकोने हात मोडला, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यापेक्षा त्याला तेच बरं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला घरी आणलं. येतानाच आकांक्षाचा फोन आला होता, प्रवेश झाला म्हणून. मी त्याला सांगितलं. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, डाव्या हाताला सलाइनच्या सुईने सूज आलेली. मी ताट घेऊन समोर बसले. भाकर वरणात कुस्करली, घास केला आणि त्याच्या तोंडाकडे हात नेला.

त्याने झटकन मान मागे घेतली, डोळे घट्ट मिटले आणि डावा हात तोंडापुढे धरला.

हे असं करणं माझं होतं. या घरात आजवर मीच केलं होतं. असा दिवस कधी आला तर जीव थंड होईल, असं मला वाटायचं. तसं काही झालं नाही. वाईट वाटलं, आणि कोणासाठी वाटलं तेही कळेना.

“घास हाये,” मी म्हणाले. “तोंड उघडा.”

हात खाली घ्यायला त्याला बराच वेळ लागला. तोवर मी घास धरून बसून राहिले.