अडीची तार

मुकुंदराव मास्तरांचा हात कुंभकोणमजवळच्या सगळ्या मेलकावेरी गावाला ठाऊक होता. शाळेत त्या हातात छडी असे, घरी भाताच्या गिरणीतून आणलेला जुना पट्टा. धाकटा मुलगा रघूत्तम मद्रासला व्हायोलिन शिकायला म्हणून गेला आणि तिथं ते टाकून एका हॉटेलच्या जाझ बँडमध्ये डबल बास वाजवायला लागला, हे ऐंशी साली मास्तरांच्या कानावर आलं. त्या सुट्टीत त्यांनी त्याला अंगणात गाठून असा बडवला की शेजारची गोमती हातातली घागर टाकून धावली. रघूत्तम काही लहान नव्हता, चांगला मिशा फुटलेला बाप्या होता. पण बापापुढे हात उचलायचा नाही, एवढं त्या घरात सगळ्यांना शिकवून झालं होतं. थोरला वरदराज मध्ये पडला तेव्हा पट्टा त्याच्या मानेवर बसला.

वरदराजची बायको वेदवती लग्न होऊन इन्नंबूरहून आली तेव्हा रघूत्तम शाळेत जात होता आणि घरात सासू नव्हती. दिराला तिनंच वाढवलं म्हणा ना. त्या दिवशी तिनं त्याच्या पाठीला हळद लावली, आणि लावता लावता सासऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "ह्या घरांत माणसं जन्मत नाहींत, मार खायाला येतात."

तर हा डबल बास. माणसाहून उंच, पोटानं मोठा, बसच्या टपावर बांधला तर सगळा रस्ता बघत राहील असा. घरच्यांनी त्याला नाव ठेवलं पेरिया पिडील, म्हणजे मोठं फिडल. जाडजूड चार तारा, त्या बोटांनी ओढायच्या. पहिल्या वर्षी रघूत्तमच्या बोटांची सालं निघाली, तारा रक्तानं चिकट व्हायच्या, तरी हा वाजवत राहायचा. सकाळी सिनेमाच्या स्टुडिओत, संध्याकाळी हॉटेलात. आणि एवढं करून बास कुणी ऐकत नाही. पियानोवाला ऐकू येतो, ड्रमवाला दिसतो. बासवाला आहे हे तो थांबला तरच कळतं, आणि तेही कळलं तर.

वरदराज मात्र ऐकायचा. कुंभकोणममध्ये त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि स्पूलवर आवाज उतरवायचं यंत्र हे त्याचं दुसरं लग्न होतं, असं वेदवती म्हणायची. भावाचा कार्यक्रम असला की तो यंत्र उचलून निघालाच. एक्याऐंशीत हॉटेलातलं पहिलं रेकॉर्डिंग, मग मद्रासच्या स्टुडिओतलं, मग मुंबईच्या जाझ महोत्सवातलं. घरी आला की तो बायकोला समोर बसवायचा आणि म्हणायचा, "वेदा, वरचं सोड. खालीं ऐक." ती कंटाळायची, पण बसायची. नवऱ्याचं तोंड तेव्हा असं उजळलेलं असायचं की उठवत नसे.

ह्या सगळ्या रेकॉर्डिंगांत एक गंमत होती. सगळ्यात खालच्या सुराची जी तार, तिला रघूत्तम 'अडी' म्हणायचा. अडी म्हणजे बूड. आपण भात बुडाला लागला म्हणू, त्या घरांत 'भातानं अडी धरली' म्हणतात. शब्द मूळचा तमिळ, पण इथल्या मराठी घरांनी तीनशे वर्षं तमिळांच्या शेजारात काढल्यावर कोण कुणाचं हे विचारायचं नसतं. तमिळमध्ये मात्र अडीला आणखी एक अर्थ आहे. मार! हाण! आता मारायला घरात 'मार' हा शब्द होताच, आणि वापरात भरपूर होता, म्हणून तो दुसरा अर्थ उंबऱ्याबाहेरच राहिला. तर वाजवताना गत संपवायची वेळ आली की रघूत्तम डोळे मिटून ओरडायचा, "अडी!" आणि त्याच श्वासात त्या जाड तारेवर उतरायचा. ड्रम वाजवणारा चंद्रमौळी ते ऐकून शेवटाकडे वळायचा. प्रत्येक स्पूलवर तो आवाज होता. वरदराज हसायचा, म्हणायचा, आमच्या रघूची सही आहे ती.

शहाऐंशीत कुंभकोणमच्या एका मंगल कार्यालयात मोठ्या लग्नाचं रिसेप्शन होतं. नवऱ्या मुलाला मद्रासच्या हॉटेलातला जाझ आवडे, त्यानं हट्टानं रघूत्तमचा बँड बोलावला. मास्तर आदल्या वर्षी वारले होते, म्हणजे गावात वाजवायला आता कसली भीती नव्हती. पियानो, ड्रम, पेरिया पिडील आणि मंचाच्या कडेला यंत्रापाशी वरदराज. सामान उचलायला मेलकावेरीची मराठी पोरं आली होती, त्यांत रघूत्तमचा चुलतभाऊ व्यंकोबा, दांडगा आणि तापट. वेदवती बायकांत बसली होती.

नवऱ्या मुलाच्या गावचे काही तरुण पिऊन आले होते. त्यांना सिनेमाची गाणी हवी होती, हे घुमणं नको होतं. आधी शिट्ट्या झाल्या, मग खुर्च्या आपटल्या. मग एक जण यंत्रापाशी जाऊन वायर ओढायला लागला. वरदराजनं त्याचा हात धरला, आणि त्यानं वरदराजच्या थोबाडीत दिली. मेलकावेरीची पोरं उभी राहिली, पण पुढं सरकली नाहीत. मंचावर बँड वाजतच होता. तेवढ्यात माइकमधून रघूत्तमचा आवाज सगळ्या हॉलभर आला, "अडी!"

आणि पोरं तुटून पडली. व्यंकोबानं लोखंडी खुर्ची घडी करून उचलली आणि वायर ओढणाऱ्याच्या तोंडावर घातली. त्याचा डोळा तिथंच गेला. पानाची तबकं उडाली, बायका किंचाळत दाराकडे धावल्या, एका म्हाताऱ्याच्या अंगावरून माणसं गेली. समोरच्यांपैकी कुणीतरी माइकचा स्टँड उलटा धरला आणि त्याचा तो जड, गोल लोखंडी तळ गरागरा फिरवला. तो वरदराजच्या कानशिलावर बसला. वेदवती गर्दी फोडून पोचली तेव्हा तो यंत्रावर पालथा पडला होता आणि चाकं अजून फिरत होती. रक्त टेबलाच्या कडेवरून तिच्या पायावर पडत होतं. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

स्टँड फिरवणारा कोण, ते कधी कळलंच नाही. डोळा फोडणारा मात्र सगळ्यांनी पाहिला होता. व्यंकोबावर खटला झाला आणि चिथावणी दिली म्हणून रघूत्तमवरही. व्यंकोबा कोर्टात सरळ म्हणाला, "रघूअण्णा मार म्हणाले, मी मारलं." रघूत्तमची पाचावर धारण बसली. तुरुंग आणि तोही स्वतःच्या भावाच्या मरणापायी. मग वेदवती साक्षीला उभी राहिली. कपाळ पांढरं, आवाज खणखणीत. तिनं न्यायाधीशांना भाताची गोष्ट सांगितली. आमच्या घरी मारायला मार म्हणतात, अडी म्हणजे नुसतं बूड, माझा दीर मराठीत ओरडला, हा व्यंकोबा लबाड बोलतो. पुरावा म्हणून जुनी रेकॉर्डिंगं वाजवली. प्रत्येकात 'अडी' आणि लगेच शेवट. त्या दिवशीचं स्पूलही वाजवलं, नेमकं त्या ओरडण्यापासून पुढं. 'अडी', मग ड्रम शेवटाकडे वळलेला, मग आरडाओरडा. न्यायाधीश मान हलवत राहिले. रघूत्तम सुटला. व्यंकोबा आत गेला, त्याची आई त्याच पावसाळ्यात गेली, आणि मेलकावेरीत वेदवतीचं नाव झालं, की नवरा गेला तरी बाई सत्याला धरून उभी राहिली. तिलाही ते खरंच वाटलं. माणसाला आपल्याबद्दल चांगलं खरं वाटायला वेळ लागत नाही.

रघूत्तम पुढं मुंबईला गेला. मद्रासच्या स्टुडिओंत तोवर कीबोर्ड आले होते, एका बटणात चार बासवाले मावायला लागले होते. पण जाझच्या जगात त्याचं नाव होत गेलं. बर्लिनला जाऊन त्यानं एक तबकडी केली, तिच्यावर भावाचा फोटो छापला. त्या तबकडीवर कुठंही 'अडी' नाही. वेदवतीला वाटलं, दुःखानं सोडलं असेल पोरानं.

चौऱ्याण्णवमध्ये मुंबईच्या एका कंपनीनं त्याची जुनी रेकॉर्डिंगं काढायचं ठरवलं. स्पूलं वेदवतीकडे होती. रघूत्तमनं फोनवर सांगितलं, "येऊन घेऊन जातों, वैनी. लग्नाचं तेवढं नको." दमट हवेनं फिती चिकटल्या तर नाहीत ना, हे पाहायला तिनं एका दुपारी यंत्र पुसलं आणि एकेक स्पूल लावलं. नवऱ्याच्या सवयीप्रमाणे वरचं सोडलं आणि खाली ऐकलं. ऐकता ऐकता तिला बरं वाटायला लागलं, जणू तो शेजारीच बसलाय. म्हणून तिनं लग्नाचंही लावलं, पहिल्यापासून. कोर्टात जे कुणी ऐकलं नव्हतं ते.

बास चालला होता, गोल, भरदार. मग शिट्ट्या. मग खुर्च्या. मग एक चपराक, अगदी यंत्राच्या जवळ, तिच्या नवऱ्याच्या गालावरची. आणि तिथं बास थांबला. पियानो चालू, ड्रम चालू, खाली कुणी नाही. ड्रमच्या दोन फेऱ्या तशा रिकाम्या गेल्या. मग "अडी!" आणि चंद्रमौळी बिचारा सवयीनं शेवटाकडे वळला. ती जाड तार मात्र वाजलीच नाही. वेदवतीनं फीत मागं घेतली, पुन्हा ऐकली. पुन्हा घेतली, पुन्हा ऐकली. वाजवणाऱ्यानं हात तारेवरून आधीच काढला होता. तो शब्द त्या तारेसाठी नव्हता.

रघूत्तम आला, तिनं त्याला जेवायला वाढलं. उपाशी माणसाला विचारायचं नाही, एवढी रीत तिनं पाळली. त्यानं हात धुतला तशी तिनं यंत्र लावलं. चपराक आली. बास थांबला. जे नाही ते ऐकू येणारा त्या घरात आता तो एकटा नव्हता.

"पिडील कोठें आहे, रघू?" तिनं विचारलं.

त्यानं यंत्राकडे हात नेला, तिनं तो बाजूला सारला.

"अडी म्हणून कोणाला म्हटलास?"

"अण्णाच्या थोबाडींत दिल्ही त्यानं, वैनी." तो जमिनीकडे बघत बोलला. "बाबांच्या पट्ट्यासारखा आवाज आला. पोरं माझ्याकडेच पाहून लागलीं होतीं. मी तमिळांत म्हटलों."

"आणि कोर्टांत?"

"कोर्टांत तुमीच आधीं बोलून गेलांत. मग मी काय बोलूं?"

भावाला मारलं म्हणून तो ओरडला, एवढंच असतं तर ती कदाचित रडली असती. कोर्टाच्या त्या एका वाक्यानं मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बाप गेला होता, पण हात मागं ठेवून गेला होता. तो हात ह्याच्या जिभेत शिरला, आणि ह्यानं तो पुसला तिच्या पदराला. सगळ्या गावासमोर खोटी शपथ तिच्या तोंडून गेली होती आणि हा आठ वर्षं गावी आला की तिच्या हातचं जेवत होता. ती आत गेली आणि खलबत्त्याचा लोखंडी बत्ता घेऊन आली.

रघूत्तम उठला नाही. त्यानं डावा हात उंबऱ्यावर ठेवला, तारा दाबणारा हात, बोटं पसरून. "मारा, वैनी," तो म्हणाला. त्याला वाटलं असेल, ही नाही मारायची. हळद लावणारी बाई ही.

तिनं मारलं. हाडं मोडल्याचा आवाज सुपारी फोडल्यासारखा आला. तो ओरडला, कोलमडला, उंबऱ्यावर रक्ताचं थारोळं झालं. गोमती आपल्या दारातून हाका मारायला लागली. वेदवतीनं त्याचा हात पंच्यात गुंडाळला, दंडाला धरून उठवलं. या वेळी तिनं हळद लावली नाही. लग्नाचं स्पूल तिनं काखेत घेतलं.

नाक्यावर ऑटोरिक्षा एकच होती, व्यंकोबाची. तुरुंगातून सुटल्यापासून तो वेदवतीशी बोललाच तर तमिळमध्ये बोले, परक्या बाईशी बोलावं तसं. त्यानं रक्तानं भिजलेला पंचा पाहिला. "एन्न आच्चु?" त्यानं विचारलं. काय झालं?

"दारांत सांपडला," रघूत्तम कण्हत म्हणाला.

"नान दान अडिच्चेन," वेदवती मोठ्यानं म्हणाली, नाक्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मीच मारलं. मग ती आत बसली, स्पूल मांडीवर घेतलं आणि घरच्या बोलीत म्हणाली, "तूं कोर्टांत खरं सांगिटलास, व्यंकोबा. लबाड बोललें ती मी. आधीं आस्पत्रीला घे. मग ठाण्याला."

व्यंकोबा समोर रस्त्याकडे वळला. तोंड पुसलं. मग त्यानं रिक्षा चालू केली.

"नीट धरून बैसा, वैनी," तो मराठीत म्हणाला. "पुढें खड्डे आहेत."