तीन पायऱ्यांची गाडी

बायको गेल्याचं मला शेवटच्या थांब्यावर कळलं. उतारू उतरत होते आणि कंट्रोलर केबिनमधून स्वतः चालत आला. हा माणूस एरवी खिडकीतून हात बाहेर काढायचा कंटाळा करतो. तो उठून आला तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"किल्ली दे," तो म्हणाला. "परतीची फेरी दुसरा कोणी नेईल. तुझ्या मेहुणीचा फोन होता, दवाखान्यातून."

"कशी आहे ती?"

"तू जा," एवढंच तो म्हणाला.

उतरण्याआधी मी सवयीनं आरशात पाहिलं. गाडीत कोणी राहिलं नव्हतं.

दवाखान्यात तिला साध्या सर्दीसाठी नेलं होतं. पण तिचा आजार स्नायूंचा होता. तो हळूहळू पायांतून हातांत आणि हातांतून छातीत पोचला होता. साधा खोकला काढायलाही जोर लागतो, हे मला तिच्यामुळे कळलं. त्या सकाळी तिनंच मला ड्यूटीवर पाठवलं होतं. "इथं बसून माझ्या तोंडाकडे काय बघताय? मी काय सिनेमा आहे?" ती म्हणाली होती. धाकटी मेहुणी जवळ होतीच. मी पोचलो तेव्हा ती बाकावर बसली होती, मांडीवर बहिणीची शाल होती. "भावोजी, तुमची फेरी झाली का म्हणून ताई विचारत होती," ती म्हणाली. तिनं शाल माझ्या हातात दिली.

आमची ओळख गाडीतलीच. ती शिवणकामाच्या कारखान्यात जायची आणि ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट धरायची. मला एक खोड आहे. कंडक्टरनं डबल घंटी दिली तरी चढलेलं शेवटचं माणूस नीट बसलंय हे आरशात दिसल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. डेपोत मला गोगलगाय म्हणतात. कंडक्टर वैतागून म्हणायचे, "अहो, बसतील की! तुम्ही काय वरातीला निघालात?" तिला मात्र तीच गोष्ट आवडली. लग्न ठरल्यावर तिनं तिच्या आईला सांगितलं होतं, मुलगा सावकाश आहे, पण कुणाला पाडणार नाही.

आजार समजल्यावर पहिली काही वर्षं डॉक्टर बदलण्यात गेली. शेवटी एका डॉक्टरांनी सरळ सांगितलं की यावर औषध नाही, आणि आम्हाला त्याच इमारतीतल्या एका बाईंकडे पाठवलं. त्या मनावर उपचार करायच्या. मी जिन्यातच म्हणालो, "हे म्हणजे दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला."

बाईंनी ते ऐकलं असावं, कारण दार उघडंच होतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आजार बरा करणं माझ्या हातात नाही. पण आजाराच्या नावाखाली काय काय करायचं राहून जातंय, ते आपण बघू. तुम्हीही आत बसा."

मी म्हणालो, "नको, मी बाहेर बसतो. आजारी ती आहे."

पुढे दर वेळी बाई हेच विचारायच्या आणि मी हेच सांगायचो. आत काय झालं ते मला टॅक्सीत घरी जाताना कळायचं.

बाईंनी तिला विचारलं होतं की आजार नसता तर काय केलं असतं. मला वाटलं, ही म्हणाली असेल शिवणयंत्रावर बसले असते, बहिणीकडे जाऊन राहिले असते. ती म्हणाली, "यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले असते. कुठे उतरायचं नाही. नुसतं बसायचं." आजार वाढल्यापासून ती गाडीत चढली नव्हती. आमच्या मार्गावर जुन्या गाड्या होत्या. दारात तीन उंच पायऱ्या आणि मधोमध लोखंडी दांडा.

बाई म्हणाल्या, "मग त्यातलं आज काय होण्यासारखं आहे?"

आज काहीच होण्यासारखं नाही, असं मी म्हणालो असतो. ती म्हणाली, फाटकापर्यंत जाता येईल. चाकाच्या खुर्चीत बसून चारचौघांत जायला तिला फार लाज वाटायची. घरात ती खुर्ची वापरायची, पण बेल वाजली की आधी ती आतल्या खोलीत जायची. बाईंनी तिला लाज घालवायला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, मन म्हणेल की लोक बघतायत. म्हणू दे. त्याच्याशी भांडू नका, त्याला बरोबर घ्या आणि निघा.

पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग रोज थांब्यापर्यंत. मेहुणी खुर्ची ढकलायची. मी गाडी घेऊन तिथं आलो की ती मला रांगेच्या शेजारी दिसायची. मी हात करायचो, ती मान हलवायची. तिला हात उचलवत नव्हता.

"लोक बघत होते?" मी घरी आल्यावर विचारलं.

"बघत होते ना. मग मीही बघितलं. त्या कोपऱ्यावरच्या बाईच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. रोज असं काहीतरी असतं हो, आपण घरात बसून उगाच घाबरतो."

बाईंकडे महिन्यातून एकदा सगळे पेशंट एकत्र बसायचे. तिथं एक निवृत्त मास्तर यायचे. त्यांनाही हाच आजार, हिच्यापेक्षा जुना. तोंड मात्र ठणठणीत. आम्हाला टॅक्सीतून उतरताना बघून ते ओरडायचे, "वहिनी, नवरा बसचा ड्रायव्हर आणि तुम्ही टॅक्सीनं? सोनाराची बायको पितळेच्या बांगड्या घालते तशातली गत!" मास्तरांना त्यांचे दोन पुतणे उचलून कुठेही न्यायचे. लाज वाटत नाही का, असं हिनं त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "वाटते की. पण राजे लोकही पालखीतूनच जायचे, त्यांना कोणी विचारलं?"

त्या दिवशी घरी जाताना ती म्हणाली, "मला उचला."

"आत्ता?"

"आत्ता नाही हो. तुमच्या गाडीत. तुम्ही आणि कंडक्टर, दोघांनी. रविवारी दुपारी गर्दी नसते."

तीन पायऱ्या, मधला दांडा, तिचे लोंबते पाय, आणि गाडीतले सगळे माना वळवून बघतायत. मला ते चित्र सोसेना. तिची लाज बाईंनी बरोबर घेऊन चालायला शिकवली होती. माझी लाज बाहेरच्या बाकावर माझ्याबरोबर बसून होती, आणि तिला मी काळजी म्हणत होतो.

"थोडं थांब," मी म्हणालो. "डेपोत लो-फ्लोअर गाड्या येतायत, पायऱ्या नसलेल्या. दारातून रॅम्प खाली येतो. खुर्चीसकट आत जाशील, कुणी हात लावायला नको. पहिली गाडी मी आपल्या मार्गावर मागून घेतो."

"कधी येतायत?"

"येतील. साहेब म्हणालेत."

गाड्या येत राहिल्या, म्हणजे येणार असं सगळे म्हणत राहिले. ती अधूनमधून विचारायची. मग एकदा जेवताना, मी तिला घास भरवत होतो तेव्हा, तिनं तोंड बाजूला केलं.

"अहो, तुम्ही आरशात बघून गाडी सोडता ना, तसंच माझंही करताय. नीट बसली का, पडणार तर नाही ना. पण मी बसलेय हो कधीची. सोडा आता गाडी."

"रॅम्प येऊ दे," मी म्हणालो.

तिनं घास घेतला. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. त्यानंतर थंडी पडली आणि सर्दी झाली.

दिवसकार्य उरकल्यावर मी कामावर गेलो तेव्हा डेपोत नवीन गाडी उभी होती. बटण दाबलं की दाराखालून फळी निघते आणि अलगद फुटपाथवर टेकते. साहेबांनी शब्द पाळला. पहिली गाडी मला दिली. ड्रायव्हरच्या मागं सीट नाही, मोकळी जागा आहे. खुर्ची अडकवायला पट्टा आहे. मी आरसा त्या जागेकडे वळवून घेतला, मग पुन्हा सरळ केला.

बाईंनी मला एकत्र बसायच्या दिवशी बोलावलं. या वेळी मी आत गेलो. तिच्या जागी खुर्ची ठेवायची नसते, कारण तिथं सगळे आपापली खुर्ची घेऊनच येतात. म्हणून तिच्या जागी नुसती फरशी होती. बाईंनी मला काही शिकवलं नाही, फक्त विचारलं, "आज काय होण्यासारखं आहे?"

माझ्याआधी मास्तरच बोलले. त्यांचा आवाज आता बारीक झालाय, वाक्य संपेपर्यंत दोनदा श्वास घ्यावा लागतो. "नवीन गाडी तुमच्याकडे आली म्हणे. वहिनींची फेरी राहिली ती मला द्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिकीट काढीन, फुकट्या नाही मी."

मी म्हणालो, "नेतो मास्तर. जरा हात बसू दे गाडीवर. रॅम्प नवीन आहे, कुठे अडकला-बिडकला तर..."

"अजून आरशातच बघताय का?" मास्तर म्हणाले. तिनं त्यांना ते सांगितलं असणार.

कुणी हसलं नाही. मीच हसलो आणि म्हणालो, येत्या रविवारी फोन करतो.

रविवार होऊन गेला. गाडीवर हात केव्हाच बसलाय. रॅम्प रोज सकाळी डेपोत खाली-वर करून बघतो, कुठे अडकत नाही. मास्तरांना मी अजून फोन केलेला नाही.