भिंगापुढचा पुठ्ठा

मी एक पुठ्ठा आहे. हसू नका. वीतभर लांब, वीतभर रुंद, एका अंगाला काजळी फासलेला साधा पुठ्ठा. पण या अंगानं किती जणांच्या डोळ्यांपुढं अंधार केलाय ते ऐकाल, तर हसायचं विसराल.

जन्मानं मी श्रीरामपूरच्या एका कापड दुकानातल्या साडीच्या खोक्याचं झाकण. साडी कुणाच्या तरी लग्नाला गेली, खोकं चुलीत गेलं आणि मी भीमाच्या हाती लागलो. भीमा तंबू टॉकीजचा ऑपरेटर होता. जत्रा तिथं तंबू ठोकायचा आणि तिकीट लावून सिनेमा दाखवायचा, हा त्या टॉकीजचा धंदा. गावाला न चालणारं काही पडद्यावर आलं, की भीमा मला मशीनच्या भिंगापुढं धरायचा. पडदा काळाठिक्कर, आवाज मात्र चालू. मनातल्या मनात आकडे मोजून झाले की तो मला काढून घ्यायचा. ज्या गावात झाकायचं नसेल, तिथं मी पेटीत.

म्हणजे सरकारच्या सेन्सॉर बोर्डानं पास केलेल्या सिनेमावर गावोगाव आणखी एक सेन्सॉर बसत होता आणि तो मी होतो. सिनेमातलं मला फक्त लपवण्याजोगं तेवढंच भेटलं. तेही भिंगाच्या इतक्या जवळून, की अंगावर नुसता उजेडाचा ऊनऊन डाग पडायचा. चित्र काही दिसायचं नाही. अशा नोकरीत स्वभाव संशयी होतो, माझाही झाला.

आणि संशय घ्यावा अशीच माणसं भेटली. एका गावच्या पंचांनी पडद्यावरची दारूची बाटली झाकायला लावली. खेळ सुटल्यावर तेच पंच तंबूच्या मागं झिंगून पडलेले. दुसऱ्या एका गावात नायिकेचे उघडे दंड झाका म्हणून एक काका हटून बसले. पुढच्या आठवड्यात ते शेजारच्या जत्रेत पहिल्या रांगेत होते, कारण तिथं झाकत नव्हते. भीमानं हे मालकाला हसत हसत सांगितलं, तेव्हा मी पेटीत पडल्या पडल्या ऐकलं. त्या दिवसापासून कुणी ‘झाका’ म्हणालं, की मी आधी त्याच्याकडं संशयानं बघतो.

पण एका ठिकाणी माझी नजर कमी पडली, तेच आज सांगायचंय.

शेहेचाळीस वर्षं झाली. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, झाकायची सवय जात नाही. तिथं ‘सायकलवरची सोयरीक’ नावाच्या सिनेमाचं थोडं शूटिंग झालं होतं. हलकाफुलका, प्रेमाचा, हसवणारा सिनेमा. नायिकेची मैत्रीण म्हणून त्यांनी गावातलीच एक मुलगी घेतली, मालन. एकोणीस वर्षांची होती. बापानं परवानगी दिली, पण सोबत थोरला भाऊ श्रीमंत जाईल या अटीवर. शूटिंग पाण्याच्या पलीकडच्या काठाला होतं. गावातलं तिसरं कुणी तिकडं फिरकलं नाही.

वर्षभरानं तोच सिनेमा घेऊन आमचा तंबू त्या गावच्या जत्रेला आला. तंबू श्रीमंतच्या वावरात ठोकला होता. खेळाआधी श्रीमंत मशीनपाशी आला. मिशीला पीळ, डोक्याला फेटा. सोयरे मंडळी गावात उतरली होती, चार दिवसांत त्याची सुपारी फुटायची होती.

“भीमा, पान्याकाठचा सीन आला की झाक,” तो म्हणाला. “समदा. न्हाईतर सकाळी तंबूच्या खुंट्या उपटून फेकीन.”

भीमानं झाकलं. श्रीमंत त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागंच उभा होता. अंगावर तो ऊन डाग पडला. पाठीमागून पाण्याचा धबाक्कन आवाज आला आणि मग एका बाईचं हसणं. मोकळं, पोटातून आलेलं, थांबता थांबेना असं. गावानं आवाज ओळखला, ती मालन होती. पडदा काळा, पाण्याचा आवाज आणि पोरीचं हसणं. भीमानं मला काढलं तोवर गावाचा सिनेमा मनातल्या मनात तयार झाला होता, आणि तो काही हलकाफुलका नव्हता.

खरं सांगतो, माझाही झाला. भावानंच झाकायला लावलं म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असं मलाही वाटलं.

महिन्याच्या आत मालनचं ठरलेलं लग्न मोडलं. ज्याच्याशी ठरलं होतं, त्याची भावजय रंगुबाई चारचौघींत म्हणाली, “आसली पोर आमच्या उंबऱ्यात नगं.” बापानं अन्न सोडलं. मालन श्रीरामपूरला मावशीकडं गेली, ती कायमचीच. एका शाळेत आया म्हणून राबली. लग्न केलं नाही. श्रीमंतनं एकाही भाऊबीजेला तिला बोलावलं नाही. तो सरपंच झाला, पुढं गावाचा आबा झाला. सिनेमा पडला, त्याच्या रिळांच्या पेट्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. टॉकीज बुडाली. भीमा श्रीरामपूरला घरी बसला आणि मी त्याच्या माठावर.

तिथून मला ओढून काढलं धनश्रीनं. धनश्री ही श्रीमंतचीच नात. संगमनेरच्या कॉलेजात शिकवते. तिनं कुठून तरी हा सिनेमा शोधून, साफसूफ करून आणला आणि गावच्या शाळेत दाखवायचं ठरवलं. आपल्या गावातला सिनेमा, लोक खूश होतील, असं बिचारीला वाटलं.

लोक पेटले. गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष समर्थ तहसीलदारांकडं निवेदन घेऊन गेला. मोबाईलवर बातम्या दाखवणारे दोघं-तिघं आले. समर्थ त्यांच्यापुढं गरजला, “आमच्या आयाबहिनींची बदनामी आमी खपवून घेनार न्हाई!”

“तू बघितलायस का सिनेमा?” धनश्रीनं विचारलं.

“बघायचं काय त्यात? समद्या गावाला म्हाईत हाय.”

“अरे, गावात कुणीच तो भाग बघितलेला नाही! आणि सेन्सॉरनं सगळ्यांसाठी म्हणून पास केलाय. हे बघ सर्टिफिकेट.”

“सेन्सॉर बसला मुंबईला. त्याला काय म्हाईत आमचं गाव?”

भांडण वाढलं तेव्हा श्रीमंतआबा मध्ये पडले. “पोरीचं मन मोडू नगा. सिनेमा दाखवा, पन त्यो भाग झाका. भीमा ऑपरेटर अजून हाय श्रीरामपुरात. त्याला ठावं हाय कुठं झाकायचं.”

सगळ्यांना तोडगा पटला. मला नाही. शेहेचाळीस वर्षांत ज्याला सख्ख्या बहिणीचा पत्ता आठवला नाही, त्याला भीमाचा बरोबर आठवला.

धनश्रीनं भीमाला आणायला जीप पाठवली आणि त्याच जीपमधून मालनबाईंनाही बोलावलं. आत्याआजीला ती पहिल्यांदाच भेटणार होती. मालनबाई गाडीत बसल्या. पांढरे केस, ताठ कणा. भीमाच्या मांडीवर मी होतो. त्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या.

“ह्योच का त्यो?”

“व्हय बाई.”

“ल्हान हाय की. मला वाटलं हुतं, लई मोठा आसंल.”

मला तोंड लपवायला जागा नव्हती. भीमा म्हणाला, “बाई, मी पोटासाठी झाकलं. पर नंतर सांगायला पायजे हुतं. तुमी तरी का न्हाई बोलला?”

“‘माझं लगीन हुईस्तवर गप ऱ्हा’ म्हनून दादानं माझे पाय धरले. म्या शब्द दिला. लगीन झाल्यावर बोलले, तर म्हनला, सोताचं झाकायला माझ्यावर घालती. गावाला त्याचंच खरं वाटलं.”

मी तेव्हाही संशय घेतला. असं कोण म्हणत नाही, वाटलं मला. हा माझा स्वभाव, त्याची आता लाज वाटते.

शाळेच्या हॉलमध्ये दुपारी खेळ लागला. खिडक्यांना चादरी बांधल्या होत्या. पहिल्या खुर्चीवर श्रीमंतआबा, मागं समर्थ आणि त्याची मंडळी, बायकांत रंगुबाई. यंत्र नवं, बारकं होतं, पण भिंग ते भिंगच. शेजारी भीमा, भीमाच्या हातात मी, आणि भीमाशेजारी मालनबाई. सिनेमा सुरू झाला. लोक हसत होते, सायकलवरून पडणाऱ्या नायकाला नावं ठेवत होते.

पडद्यावर पाणी दिसलं. आबा वळले. “भीमा!”

भीमाचा हात उठला. अर्ध्यावर येऊन थांबला. त्यानं मला मालनबाईंच्या हातात दिलं. “बाई, तुमीच काय ते करा.”

मालनबाईंची बोटं गार होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला ज्याच्यावर अंधार पडला त्याच माणसानं धरलं होतं. त्यांनी मला भिंगाकडं नेलं. मग परत आपल्याकडं घेतलं आणि सावकाश वारा घ्यायला लागल्या.

आणि मी तो सीन पहिल्यांदा बघितला.

नायिका नायकाची फजिती करायची ठरवते. आपली साडी दुसऱ्याला नेसवून त्याला पाण्याकाठी बसवते. नायक लाडात येऊन घुंगट उचलतो, तर आत मिशीवाला गडी! दचकून दोघं धबाक्कन पाण्यात पडतात. काठावर मालन पोट धरून हसते. बस, एवढंच. तो मिशीवाला गडी, हिरव्या नऊवारीत, हातात बांगड्या, ओला पदर सावरत पाण्यातून वर येणारा, श्रीमंत होता.

हॉल हसून लोळला. समर्थही हसला. “आबा, आबा!” म्हणून पोरं टाळ्या पिटत होती. मग एकेक हसू विझत गेलं. म्हाताऱ्यांना काहीतरी आठवायला लागलं होतं.

रंगुबाई उठून उभी राहिली. “मंग मालननं काय केलं हुतं?”



“हसले हुते,” मालनबाई म्हणाल्या. “दादाला बघून हसले हुते.”

रंगुबाई खाली बसली ती पदर तोंडाला लावूनच. सिनेमा साफ करताना धनश्रीनं हा गडी कितीदा बघितला होता, पण ओळखला आज; ती आजोबांकडं बघत राहिली. आबांच्या डोळ्यांना पाणी होतं. ते बहिणीसाठी होतं की मिशीसाठी, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

भीमानं मला मालनबाईंनाच देऊन टाकलं. आता मी त्यांच्या श्रीरामपूरच्या खोलीत असतो. दुपारी त्या माझ्यानं वारा घेतात. मागच्या आठवड्यात धनश्री आली होती. आबांनी भाऊबीजेला बोलावलंय, म्हणाली.

“पडद्यानं सांगितलं,” मालनबाई म्हणाल्या. “त्यानं कुठं सांगितलं? चावडीवर उभा ऱ्हाऊन, त्याच्या तोंडानं सांगू दे. मंग येते.”

अजून निरोप आलेला नाही.

माझ्या अंगावरची काजळी आता त्यांच्या बोटांना लागते आणि त्या ती पदराला पुसतात. मला जाळायचं तर जाळा, माझी तक्रार नाही. फक्त एक विनवणी आहे. पुन्हा कधी तुमच्या डोळ्यांपुढचा पडदा असा एकाएकी काळा झाला, तर त्या काळ्या पडद्याकडंच बघत मनचे खेळ रंगवू नका. त्या दिवशी तंबूतल्या एकानं जरी मान मागं वळवली असती, तरी भीमाच्या खांद्यावर कुणाचा हात होता ते त्याला दिसलं असतं.